कुंदाताईची थोरली वाट

कुंदाताई,

तू गेल्याचं कळलं त्या सकाळी मी ऑफिसात रजा मागायला गेले. माझे मॅनेजर मोरी-सान यांनी फॉर्म काढला आणि विचारलं, "नातं काय लिहायचं?" इथे जपानात घरचं माणूस गेलं की वेगळी रजा मिळते, पण त्या फॉर्मवर ठरलेल्या चौकटी असतात. आई, वडील, भावंडं, आजी-आजोबा. मी म्हटलं, "नातं नाही." ते म्हणाले, "मग त्या कोण होत्या?" मला जपानीत शब्द सापडेना, आणि खरं सांगायचं तर मराठीतही सापडला नसता. शेवटी म्हटलं, "आम्ही दोघी एका डोंगरावर धावायचो." मोरी-सानांनी पेन खाली ठेवलं. पुढे काही न विचारता त्यांनी माझी नेहमीची रजा मांडून दिली.

त्याला आज तेवीस दिवस झाले. ठाण्याच्या घरी दिवसवार उरकले असतील. मला येता आलं नाही. रडायचं तेवढं मी रडले. आता बोलायचं आहे. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती मी कुठेही मऊ न करता सांगणार आहे. पण तिथवर पोचायला आधी डोंगरावर जावं लागेल.

आपण भेटलो ते कावासाकीत, तामागावा नदीच्या काठावर. पुण्याहून दर महिन्याला दहा-बारा इंजिनिअर इथे उतरत होते तेव्हाची गोष्ट. मी त्यांतलीच एक. अठ्ठावीस वर्षांची, एकटी, दिवसभर मोबाइल फोनमधलं सॉफ्टवेअर तपासणारी. सकाळी सहाला नदीकाठी धावायचे, कारण तेवढा एकच तास माझा होता. एक दिवस मागून पाठीत थाप बसली आणि कानाशी कुणीतरी म्हणालं, "खो." दचकून वळले तर सलवार-कमीज, पांढरे कॅनव्हासचे बूट, कपाळावर टिकली, पन्नाशी ओलांडलेली बाई. तू म्हणालीस, "तीन दिवस तुझ्या मागून चालतेय. पळता पळता मॅनेजरला शिव्या देतेस, त्या चांगल्या देतेस. पण टाचा आपटतेस. गुडघे जातील."

तू सांगलीची. कॉलेजात खो-खोच्या संघात होतीस. मग लग्न, ठाणे, मुलीचं शिक्षण, आणि धावणं तीस वर्षं राहूनच गेलं. मुलगी सासरी गेली, विनायकराव भाऊजींना त्यांच्या ट्रेडिंग कंपनीनं टोकियोच्या ऑफिसात पाठवलं, आणि तुझ्या हाती अचानक रिकाम्या सकाळी आल्या. सुरुवातीला मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. तू म्हणालीस, "ताई म्हणतेस ना? मग ताईला कुणी तुम्ही म्हणतं का?" भाऊजींना मात्र मी आजही तुम्हीच म्हणते.

बेटाचा शोध तुझा. स्टेशनवरच्या पोस्टरवर तू एक काळंभोर माळरान पाहिलंस, मोबाइलवर त्याचा फोटो काढून मला पाठवलास आणि पाठोपाठ फोन केलास. "मीनल, ह्याच्याखाली काय लिहिलंय ते वाच." मी वाचलं. इझु ओशिमा बेट, मिहारायामा डोंगर, उरा-साबाकु. उरा म्हणजे मागचं, साबाकु म्हणजे वाळवंट.

"जपानात वाळवंट?"

"असं लिहिलंय खरं."

"शनिवारी जायचं," तू म्हणालीस. विचारलं नाहीस, सांगितलंस.

टोकियोतल्या ताकेशिबाच्या धक्क्यावरून सकाळची वेगवान बोट, दोन तासांच्या आत बेट. समुद्र कसा आहे ते पाहून बोट बेटावरच्या दोनपैकी कोणत्या बंदराला लागणार हे त्या दिवशी सकाळी जाहीर होतं, हे तुला फार आवडलं. "उतरायचं कुठे तेही ठरलेलं नाही. झकास." बंदरापासून बस वर डोंगराच्या माथ्याखाली जाते. मिहारायामा हा ज्वालामुखी. आपण गेलो त्याच्या वीसेक वर्षं आधी तो फुटला तेव्हा सगळं बेट रिकामं करावं लागलं होतं. आपण पोचलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि समोर काळे, हलके, भोकाभोकांचे दगड, विटांच्या भट्टीतल्या खंगरासारखे, नजर पोचेल तिथवर. झाड नाही, झुडूप नाही. पायाखाली कुरकुर आवाज. तू छत्री मिटलीस आणि म्हणालीस, "पाऊस पडतोय आणि हे म्हणे वाळवंट."

त्याचं उत्तर हारुको-सानांनी दिलं. सत्तरीच्या, बंदराजवळ चार खोल्यांचं खानावळवजा उतारघर चालवणाऱ्या. त्यांच्याकडे आपण जेवलो आणि मग दर खेपेला जेवत राहिलो. त्या म्हणाल्या, "पाऊस भरपूर पडतो. पण दगडांतून खाली निघून जातो. आणि उरलंसुरलं वारा उपटतो." मी मराठीत सांगितलं. तू म्हणालीस, "म्हणजे वाळवंट नव्हे, चाळण आहे." मी जपानीत सांगितलं. हारुको-सान इतक्या हसल्या की त्यांना चहा खाली ठेवावा लागला.

तुम्हा दोघींच्या मध्ये मी असायचे. तू मराठीत, त्या जपानीत, आणि दोन्हीकडून माझ्याकडे लागलेले डोळे. बेटावर आशिताबा नावाची पालेभाजी होते, तिची तू त्यांच्या स्वयंपाकघरात बेसनात बुडवून भजी तळलीस. हारुको-सानांनी एक खाल्लं आणि मला हळूच म्हणाल्या, "मीठ फार झालंय." मी तुला सांगितलं, "छान झालीत म्हणतात." तू खूश झालीस आणि आणखी तळलीस. त्यांनी तीही संपवली. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट सगळ्यांचं जमलं. मला वाटलं, दुभाष्याचं काम म्हणजे हेच.

त्या डोंगरानं तुला वेड लावलं. एवढ्याशा बेटावर किती प्रकार ते. खाली त्सुबाकीच्या झाडांचं दाट जंगल, अंधारं, वाटेवर मुळांचं जाळं आणि लाल फुलांचा खच. त्यावर तुऱ्यांचं उंच गवत, तुझ्या खांद्याला लागणारं. मग गोठलेल्या लाव्ह्याचे ओबडधोबड ढीग, त्यांवर राखाडी बुरशीसारखं काहीतरी. तू वाकून हात लावलास, वास घेतलास आणि म्हणालीस, "मीनल, हे दगडफूल आहे. गोड्या मसाल्यातलं. निदान त्याची बहीण तरी." मग काठावर वाफा सोडणारं तोंड, आणि पलीकडे उतरलं की ते काळं वाळवंट. त्याच्या खालच्या कडेला पुन्हा एकटंदुकटं गवत, मग झुडपं, मग झाडं. तू म्हणायचीस, इथे एका सकाळीत सगळे ऋतू नाही पण सगळे मुलूख भेटतात.

धावायला लागल्यावर तुझा सगळा थाटच बदलायचा. खो-खोवालीची चाल, छोटी पावलं, अंग पुढे झुकलेलं, वळणावर खांदा आधी वळायचा. मी तुझ्याहून चोवीस वर्षांनी लहान, आणि उतारावर तू मला कधी सापडली नाहीस.

दोन वर्षांत तू तीन वाटा ठरवल्यास आणि वहीत मराठीत उतरवून ठेवल्यास. ती वही माझ्याच पिशवीत असायची. धाकटी म्हणजे बस थांबते तिथून ज्वालामुखीच्या तोंडाला वळसा घालून परत. मधली म्हणजे वरून वाळवंट ओलांडून, जंगलातून पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या बागेपर्यंत उतार. आणि थोरली म्हणजे पश्चिमेच्या बंदरावर समुद्राला हात लावून निघायचं, सगळा डोंगर चढून वाळवंट ओलांडायचं आणि पूर्वेला पुन्हा समुद्र. पंधरा-सोळा किलोमीटर. तुझ्या वहीतली वाक्यं मला पाठ आहेत. "बसलेल्या बैलासारखा दगड उजव्या हाताला. धुकं असेल तर इथून पुढे जायचं नाही, कितीही हौस असली तरी." धाकटी आणि मधली आपण पंचवीसेक वेळा धावलो असू. थोरली सलग धावायची राहिली होती.

तिसऱ्या वर्षी तुला चढावर धाप लागायला लागली. तू म्हणालीस, पित्त. मग म्हणालीस, वय. एकदा गवतातल्या चढावर थांबलीस आणि गळ्याखाली हात ठेवून उभी राहिलीस, तेव्हा मी जबरदस्तीनं तुला कावासाकीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. भाऊजी त्या आठवड्यात नागोयाला गेले होते. दुभाषी म्हणून मीच.

आता ऐक.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं. शांत माणूस, सावकाश बोलत होते, मला कळावं म्हणून सोप्या जपानीत. ते म्हणाले, "मुख्य झडप फार अरुंद झाली आहे. ऑपरेशन लवकर करायला हवं. तोवर धावायचं नाही, चढ चढायचे नाहीत. ह्या अवस्थेत धावताना अचानक मृत्यू येऊ शकतो. हे ह्यांना नीट सांगा." अचानक मृत्यू ह्याला जपानीत एकच शब्द आहे. मला तो येत होता. शब्दकोशात बघावा लागला नाही.

तू पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होतीस. "काय म्हणतात?"

मी म्हटलं, "झडप थोडी अरुंद झालीय. सध्या धावणं बंद ठेवायचं. पुढे कधीतरी ऑपरेशन लागेल."

"सध्या म्हणजे किती?"

तुला वाटलं मी त्यांना विचारीन. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "तीन-चार आठवडे."

डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली. ती जपानीत होती. तू विचारलंस, ही कसली, आणि मी म्हटलं, "सवडीनं दाखवून यायचं." तू ती पर्समध्ये ठेवलीस.

का केलं असं, हे मी स्वतःला चार वर्षं विचारत आले. तुझे हात पाहून धीर झाला नाही, हे खरं आहे. घरी गेल्यावर नीट सांगू, असं वाटलं होतं, हेही खरं. पण त्याखाली आणखी एक आहे. तू धावायची थांबलीस तर माझे शनिवार संपणार होते. परक्या देशात माझ्याकडे ऑफिस होतं, खोली होती आणि तू होतीस. मी तुला घाबरवायचं टाळलं नाही, मी तुला गमवायचं टाळलं. घरी गेल्यावर नीट सांगायचं ते मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं.

बाहेर पडल्यावर तू म्हणालीस, "ह्यांना काही बोलू नकोस. उगाच बाऊ करतील. मी सांगेन माझ्या पद्धतीनं." मी हो म्हटलं.

चार आठवडे तू खरंच धावली नाहीस. दिवस मोजत होतीस. मग फोन आला, "झाले चार आठवडे. मला अगदी हलकं वाटतंय. शनिवारी थोरली." तेव्हा तरी सांगायचं. मी एवढंच म्हटलं, "हळू जाऊ."

पश्चिमेच्या बंदरावर आपण दोघींनी पाण्यात बोटं बुडवली. जंगलातला चढ तू चालत काढलास, मध्ये मध्ये झाडाला टेकून. मी दर वेळी म्हणायचे, परत फिरू. तू म्हणायचीस, "माथ्यावर गेल्यावर बघू." माथ्यावर आकाश निरभ्र होतं आणि खाली काळं वाळवंट, त्याच्या पलीकडे समुद्र. तू म्हणालीस, "आता तर उतारच आहे," आणि धावायला लागलीस. दोनशे पावलं तुझी ती जुनी चाल मी पाहिली. मग तू हात न टेकता, सरळ तोंडावर पडलीस.

मिनिटभर तू शुद्धीवर नव्हतीस. मिनिटच असेल, मला मोजता आलं नाही. तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले. तुझ्या गालात काळ्या दगडाचे कण रुतले होते, ओठ जांभळे पडले होते, आणि वारा एवढा की माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. मग तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "पाय घसरला." मी म्हटलं, "नाही ताई." तू म्हणालीस, "घसरला म्हणते ना."

पाऊलपाऊल करत दीड तासानं आपण गाडीरस्त्याला लागलो. माझा फोन मिळताच हारुको-सान त्यांची छोटी मालवाहू गाडी घेऊन आल्या, बेटावरच्या दवाखान्यात नेलं, दुपारच्या बोटीनं परत. कावासाकीला तुझ्या घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. तू आत जाऊन पडलीस. भाऊजी चहा करत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. झडप, ऑपरेशन, आणि तो शब्दही. ह्या खेपेला एकही शब्द गाळला नाही. फक्त हे सांगितलं नाही की हा शब्द तू अजून ऐकलेला नाहीस.

भाऊजींनी गॅस बंद केला. "तिला हे ठाऊक होतं? आणि तरी गेली?"

मी गप्प राहिले. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

पुढचं तुला माहीत आहे. भाऊजींनी पोस्टिंग आवरतं घेतलं, तीन आठवड्यांत तुम्ही ठाण्याला, तिथे ऑपरेशन. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला आले तेव्हा तू दारातच उभी राहिलीस. मला आत बोलावलं नाहीस.

"डॉक्टर असं बोललेच नव्हते, मीनल. मी समोर बसले होते. तू ह्यांना तिखटमीठ लावून सांगितलंस."

तू दारातून हलली नाहीस.

"तू दुभाषी होतीस. माझे शब्द त्यांच्याकडे न्यायचे, त्यांचे माझ्याकडे आणायचे, एवढं तुझं काम. तिसऱ्याकडे न्यायला तुला कुणी सांगितलं? हे आता मला म्हणतात, तू जीव द्यायला निघाली होतीस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. तीस वर्षांत ह्यांनी मला कधी खोटारडी म्हटलं नव्हतं."

तेव्हाही एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, हे तुला सांगून आता उपयोग नाही. आलं होतं आणि मी गिळलं. तू दार लावलंस.

अकरा महिने तुझा आवाज ऐकला नाही. मग एका रविवारी फोन वाजला आणि तू थेट म्हणालीस, "वहीत एक चूक आहे. मधलीवर दुसऱ्या फाट्याला डावीकडे लिहिलंय, ते उजवीकडे हवं. दुरुस्त कर." मी म्हटलं, केलं. मग तू ठाण्यात येऊरला रोज चार किलोमीटर चालतेस ते सांगितलंस, नव्या झडपेचा टकटक आवाज शांत खोलीत ऐकू येतो ते सांगितलंस, आणि हारुको-सान कशा आहेत ते विचारलंस. त्यानंतर दर रविवारी आपण बोलत आलो. तू मला कामाला लावलंस. "तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना डोंगरावर ने. नुसत्या मसाले वाटून घेण्यापुरत्या भेटतात." मी नेऊ लागले. आता पाच-सहा जणी नेमानं येतात.

त्या फोनांमध्ये एकदाच तू त्या विषयाच्या जवळ आलीस. म्हणालीस, "इथले सर्जन म्हणाले, अशा झडपेनं तुम्ही धावत होतात म्हणजे नवलच. तुम्हाला तिथे कुणी सांगितलं नाही का?" आणि थांबलीस. मी म्हटलं, "तुझ्याकडे पाऊस आहे का गं?" तू म्हणालीस, "आहे."

तुला कळलं होतं का? मी ह्यावर पुष्कळ विचार केला आणि सोडून दिला. कळलं होतं असं मानणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून मी तसं मानणार नाही. जे मी सांगितलं नाही ते तुला ठाऊक नव्हतं, असंच धरून चालते.

आपलं भांडण अर्धवट राहिलं ते एका बाजूनं मी आज पुरं करते. भाऊजींना सांगितलं त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन, तुझ्यासमोर सांगेन, दार लावलंस तरी सांगेन. त्यामुळे तुला चार वर्षं मिळाली आणि त्या चार वर्षांतले रविवार मला मिळाले. माफी मागायची ती कावासाकीतल्या त्या दवाखान्यातल्या खुर्चीची. तू तुझा जीव डावावर लावत होतीस आणि डाव केवढा आहे ते मी तुला कळू दिलं नाही. तू धाडसी होतीस, पण त्या दिवशी वाळवंटात जे केलंस ते धाडस नव्हतं, ती माझ्या शब्दावर ठेवलेली भिस्त होती. ती मी तोडली. चूक माझी होती, कुंदाताई.

भाऊजींनाही सांगितलं. तुला जाऊन दोन आठवडे झाले होते. पत्र लिहायला घेतलं होतं, पण पत्रात माणूस पुन्हा शब्द निवडत बसतो, म्हणून फोन केला. डॉक्टर काय म्हणाले, मी काय सांगितलं, तू काय विचारलंस, मी काय उत्तर दिलं, क्रमानं सगळं. पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"म्हणजे ती खोटं बोलत नव्हती," ते म्हणाले.

"नाही भाऊजी. तिला माहीतच नव्हतं."

"चार वर्षं मी तिला ऐकवत आलो, मीनल. भांडण कसलंही असो, शेवटी तिथेच यायचो. ती म्हणायची, मला असं कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी हसायचो."

मी म्हटलं, "त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी दिलं नाही."

ते म्हणाले, "मला आत्ता तुझ्याशी बोलवत नाही," आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. येईल किंवा येणार नाही. त्यांचा राग रास्त आहे. पण तुझ्या नावावरचा डाग त्यांच्या मनातून तरी गेला, आणि तो तसा राहू देऊन मला एक दिवसही धावता आलं नसतं.

गेल्या शनिवारी आम्ही बेटावर गेलो. तुझ्यासाठी थोरली पुरी करायची असं मी ठरवलं होतं. हारुको-सान काठी टेकत बंदरावर आल्या होत्या. त्यांना मी तुझं सांगितलं. त्या समुद्राकडे वळून हात जोडून उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "ती भजी खारट होती. तिला कधी सांगितलं नाहीस ना?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी कमी घातलं असतं."

आम्ही सहा जणी होतो. त्यांत रश्मी नवी. नवरा बँकेत, तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आलेला, ती पुण्याची नोकरी सोडून आलेली. एक शब्द जपानी येत नाही, आणि महिनाभर ह्या दिवसाची वाट पाहत होती. जंगलात ती सगळ्यांच्या पुढे होती. गवताच्या पट्ट्यात मागे पडली. मी पाहिलं, उजवा पाय टेकताना तिचं तोंड वाकडं होत होतं. माथ्यावर पोचलो तेव्हा तिचा गुडघा सुजून वर आला होता. खाली वाळवंट स्वच्छ दिसत होतं, पलीकडे समुद्र. बाकीच्या चौघी बूट झाडून तयार.

रश्मी म्हणाली, "मीनलताई, जमेल ना मला? आता तर उतारच आहे."

मी तिच्या गुडघ्याला हात लावला. गरम होता.

"नाही जमणार," मी म्हटलं. "उतारावर गुडघ्याला जास्त त्रास होतो. मध्ये बसलीस तर उचलून न्यायला कुणी नाही. तू इथून बसनं परत जायचं."

"मी महिनाभर तयारी केलीय."

"माहीत आहे."

"थोडं पुढे जाऊन बघू. नाहीच जमलं तर—"

"नाही, रश्मी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या चौघींना वाट ठाऊक होती, त्यांना मी पुढे पाठवलं. रश्मीला एकटीला परत पाठवणं शक्य नव्हतं, तिला बसवरची पाटीही वाचता येत नव्हती. मी तिच्याबरोबर वळले. पाठीमागे त्या चौघींचे पाय काळ्या दगडांवर कुरकुरत लांब जाताना ऐकू येत होते. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. थोरली माझ्याकडून ह्या खेपेलाही राहिली. पण त्या चौघींनी ती पुरी केली. तुझ्या वहीबरहुकूम, एकही फाटा न चुकता, पूर्वेच्या समुद्रापर्यंत. त्यांतल्या तिघींनी तुला कधी पाहिलेलंही नाही.

बोटीत रश्मी माझ्याशी बोलली नाही. हामामात्सुचो स्टेशनवर 'येते' एवढं म्हणून गेली.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज अजून जरा तुटकच होता. म्हणाली, "गुडघा उतरत नाहीये. डॉक्टरांकडे जायचंय. हे ऑफिसातून निघू शकत नाहीत. तुम्ही याल का बरोबर? भाषेसाठी."

मी म्हटलं, "येईन. पण एक आहे. ते म्हणतील ते सगळं मी सांगणार. तुला आवडणार नाही तेही."

"तेवढ्यासाठीच तुम्हाला विचारलं," रश्मी म्हणाली.

मंगळवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. मोरी-सानांकडे आज अर्ध्या दिवसाची रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि ह्या खेपेला त्यांनी ते फॉर्मवर लिहून घेतलं.